लॉटरीबद्दल लोकांना खरंच काय वाटतं? मिश्र पद्धतीच्या सर्वेक्षणाचा आराखडा



आपल्यापैकी बरेच जण बी.एड., एम.एड. किंवा एम.ए. करताना सर्वेक्षण करतात. शाळेत कृतिसंशोधनही करतात. पद्धत ठरलेली असते. विषय मिळाला की वीस-पंचवीस प्रश्न टाइप करायचे, गुगल फॉर्म व्हॉट्सअॅपच्या ग्रुपवर टाकायचा आणि आलेल्या उत्तरांचे गोल आलेख काढायचे. फॉर्म भरणारे कोण, तर आपलेच सहकारी आणि पाव्हणे-रावळे!

आज मुद्दाम एक अवघड विषय घेऊन संशोधनाचा आराखडा कसा करायचा ते पाहू. विषय आहे : सातारा आणि सांगली जिल्ह्यांतल्या ग्राहकांचा लॉटरीकडे पाहण्याचा दृष्टिकोन. अवघड का? लॉटरी कायदेशीर आहे, शासन स्वतः चालवतं, तिकीट दुकानात उघड मिळतं. तरीही "मी तिकीट काढतो" असं चारचौघांत सांगायला माणूस कचरतो. अशा विषयावर नुसती प्रश्नावली फिरवली तर लोक आपल्याला ऐकायला बरं वाटेल ते सांगणार. मग ज्या घराचे खरोखर दर महिन्याला तिकिटांवर पैसे जातात, ते घर आपल्या आकड्यांत दिसणारच नाही. म्हणून आधी ऐकायचं आणि मग मोजायचं. मिश्र पद्धत म्हणतात ती हीच.

१. आधी पार्श्वभूमी

भारतात सरकारी लॉटरीचं वेगळं खातं पहिल्यांदा केरळने १९६७ मध्ये काढलं. महाराष्ट्र राज्य लॉटरी १९६९ मध्ये सुरू झाली. महसूल मिळावा आणि मटक्यासारख्या बेकायदा जुगाराकडे जाणारा पैसा वळावा, असे दोन्ही हेतू त्यामागे होते. राज्यांनी लॉटरी कोणत्या अटींवर चालवायची हे संसदेच्या १९९८ च्या लॉटरी विनियमन कायद्याने ठरवलं. १ मार्च २०२० पासून लॉटरीवर सरसकट २८ टक्के जीएसटी होता, तो २२ सप्टेंबर २०२५ पासून ४० टक्के झाला. ऑगस्ट २०२५ मध्ये पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदाही संसदेने केला.

ही माहिती कशासाठी? एकच शासन एका खेळाचं तिकीट विकतं आणि दुसऱ्यावर बंदी घालतं. सामान्य माणूस यातला फरक कसा लावतो, हा आपल्या संशोधनाचा गाभा आहे.

२. 'लॉटरी' म्हणजे नक्की काय?

प्रश्नावली लिहिण्याआधी एवढं एक काम करा. पाच-सात जणांना विचारा, "लॉटरी म्हटलं की तुम्हाला काय आठवतं?" आणि उत्तरं जशीच्या तशी लिहून घ्या. आपल्या भागात हा एकच शब्द किती ठिकाणी वापरतात बघा :

- राज्य लॉटरीचं कागदी तिकीट, दिवाळीची मोठी सोडत.
- मटका, म्हणजे आकडा लावणं. हा जुगार प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा आहे, पण बोलताना लोक त्यालाही कधी 'लॉटरी' म्हणून टाकतात.
- मोबाइलवरचे पैशांचे खेळ.
- दुकानाचा किंवा मंडळाचा लकी ड्रॉ, भिशीची चिठ्ठी.
- आरटीईच्या २५ टक्के जागांची सोडत. "पोराची लॉटरी लागली" असं पालक सर्रास म्हणतात. म्हाडाच्या घरांचंही तसंच.

आता समजा प्रश्न असा आहे : "तुम्ही लॉटरीत भाग घेतला आहे का?" एक आई आरटीईचा अर्ज आठवून 'हो' म्हणेल. रोज आकडा लावणारा माणूस, आपण कधी तिकीट काढत नाही म्हणून 'नाही' म्हणेल. दोघंही खरं बोलले, पण आपला आकडा मात्र बिनकामाचा झाला. म्हणून प्रश्नावलीच्या पहिल्या पानावरच लिहायचं : "या सर्वेक्षणात लॉटरी म्हणजे शासनाचं विकत मिळणारं तिकीट." बाकीच्या प्रकारांसाठी हवे तर वेगळे प्रश्न ठेवा. एका प्रश्नात दोन गोष्टी कोंबू नका.

३. पहिला टप्पा : ऐकणं

साधारण १५ ते २० मुलाखती पुरेशा होतात. नवीन काही ऐकू येईनासं झालं की थांबायचं. माणसं निवडताना वेगवेगळी घ्या : नेहमी तिकीट काढणारे, पूर्वी काढून सोडून दिलेले, कधीच न काढणारे, तिकीट विक्रेते, आणि घरातल्या बायका. हिशोब बहुतेक वेळा त्यांच्याच डोक्यात असतो.

"लॉटरी वाईट आहे असं वाटतं का?" असं विचारू नका. "शेवटचं तिकीट कधी काढलं, त्या दिवशी काय झालं होतं?" असं विचारा. माणूस मत सांगताना सावध असतो, प्रसंग सांगताना मोकळा होतो.

मुलाखती लिहून काढल्यावर सारख्या अर्थाची वाक्यं एकत्र ठेवा. अंदाज म्हणून चार गट आधी मनात धरता येतील : नीती (हा जुगार आहे की नाही), विश्वास (सोडत खरी असते का), आशा (कर्ज, घर, मुलीचं लग्न) आणि खर्च (परवडतं का, घरात माहीत आहे का). मुलाखतींतून पाचवा गट निघाला तर आनंदच आहे. तो निघावा म्हणून तर आपण आधी ऐकतोय.

४. दुसरा टप्पा : प्रश्नावली

आता प्रत्येक गटावर तीन-चार विधानं तयार करा आणि 'पूर्ण सहमत' ते 'पूर्ण असहमत' अशी पाच उत्तरं द्या. विधानं लोकांच्याच बोलीत हवीत. काही विधानं लॉटरीच्या बाजूची आणि काही विरोधातली ठेवा, नाहीतर माणूस एका ओळीत सगळीकडे 'सहमत'वर खुणा करत जातो.

समजुतीचा एक प्रश्न जरूर घाला : "मागच्या सोडतीत शेवटचा आकडा ७ आला. पुढच्या सोडतीत ७ येण्याची शक्यता वाढली, कमी झाली की तेवढीच राहिली?" बरोबर उत्तर 'तेवढीच'. या एका प्रश्नातून कळतं की माणूस नशिबाकडे हिशोबाने बघतो की "आता तरी लागेलच" या भावनेने.

खर्च विचारताना 'नेहमी', 'कधीकधी' असे शब्द टाळा. "गेल्या ३० दिवसांत किती तिकिटं?" असं विचारा. सर्वेक्षणाचा महिनाही नोंदवा, कारण दिवाळीच्या सोडतीच्या दिवसांतली उत्तरं आणि जून महिन्यातल्या पेरणीच्या दिवसांतली उत्तरं सारखी नसणार. खरी फेरी सुरू करण्यापूर्वी २०-२५ जणांवर प्रश्नावली तपासून पाहा. जत तालुक्यात जाणार असाल तर कन्नड प्रतही लागेल.

५. कुणाला विचारायचं?

२०११ च्या जनगणनेनुसार सातारा जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे ३० लाख आणि सांगलीची सुमारे २८ लाख आहे. एकूण ४०० जण घ्यायचे ठरवले तर या प्रमाणात साताऱ्याचे २०६ आणि सांगलीचे १९४ होतात.

सातारा जिल्ह्यात ११ तालुके, सांगलीत १०. सगळीकडे जाणं शक्य नाही, म्हणून वेगवेगळ्या प्रकारचे तालुके निवडू. साताऱ्यातून सातारा शहराचा तालुका, कृष्णाकाठचा कराड, दुष्काळी माण आणि डोंगरी पाटण. पाटणची कितीतरी घरं मुंबईच्या कमाईवर चालतात. सांगलीतून शहर आणि रेल्वे जंक्शन असलेला मिरज, उसाचा वाळवा, कर्नाटकच्या सीमेवरचा जत आणि खानापूर.

खानापूर का? विटा-आटपाडी भागातले गलाई व्यावसायिक सोनं-चांदी गाळण्याच्या कामासाठी देशभर पसरलेले आहेत, दक्षिणेतही आहेत. केरळसारख्या राज्यात लॉटरी हा रोजच्या व्यवहाराचा भाग आहे. तिथे राहून आलेल्या माणसाचं मत गावातल्या माणसापेक्षा वेगळं असेल का? हा छान प्रश्न आहे. पण ही माणसं एरवी घरी सापडत नाहीत, गावच्या यात्रेला किंवा दिवाळीला येतात. आपण फेब्रुवारीत गेलो तर ती सुटणार. तेव्हा वेळापत्रक ठरवताना हे लक्षात घ्या.

गावात गेल्यावर ओळखीच्या घरी शिरायचं नाही. एका टोकापासून दर दहावं घर घ्या आणि त्या घरातल्या १८ वर्षांपुढच्या माणसांपैकी ज्याचा वाढदिवस सगळ्यात अलीकडे झाला, त्यालाच विचारा. तो शेतात असेल तर संध्याकाळी पुन्हा जा. सकाळी अकराला जो दारात भेटेल त्याला विचारत गेलो तर सगळी यादी म्हाताऱ्या माणसांचीच होईल.

आता गणिताची एक सूचना. ४०० जणांच्या निव्वळ यादृच्छिक नमुन्यात चुकीची मर्यादा अधिक-उणे ५ टक्के असते. गावं निवडून गेल्यामुळे ती थोडी वाढते. एका तालुक्याचे ५० जण वेगळे काढले तर तीच मर्यादा १४ टक्क्यांच्या आसपास जाते. म्हणून "माणपेक्षा वाळव्यात लॉटरी जास्त" असली विधानं या नमुन्यावरून करू नका. तसंच दुकानापाशी भेटलेल्या ग्राहकांच्या मुलाखती या ४०० मध्ये मिसळू नका. दोन्ही ठिकाणची माणसं वेगळ्या रीतीने निवडलेली आहेत.

६. खरं उत्तर मिळवण्याची युक्ती

"घरच्यांना न सांगता तिकीट काढता का?" याला सरळ उत्तर कोण देईल? अमेरिकी संशोधक स्टॅन्ली वॉर्नर यांनी १९६५ मध्ये अशा नाजूक प्रश्नांसाठी उत्तरात नशिबाचा भाग मिसळण्याची कल्पना मांडली. तिचं एक सोपं रूप पुढे रूढ झालं. माणसाच्या हातात नाणं द्या. त्याने आपल्याला न दाखवता ते उडवायचं. छापा आला तर काही असो, 'हो' म्हणायचं. काटा आला तर खरं उत्तर द्यायचं. समोरच्याचा 'हो' नाण्याचा की मनाचा, हे आपल्याला कळतच नाही, म्हणून तो निर्धास्त असतो.

मग हिशोब कसा? समजा ४०० पैकी २४८ 'हो' आले. सुमारे २०० जणांना छापा आला असणार, म्हणजे तेवढे 'हो' नाण्याचे. उरले ४८. काटा आलेल्या २०० पैकी ४८, म्हणजे २४ टक्के. कोणाचंही गुपित न फोडता गावाचं चित्र मिळालं. याची किंमतही आहे : चुकीची मर्यादा जवळपास १० टक्क्यांपर्यंत जाते. त्यामुळे ही युक्ती एखाद-दुसऱ्या प्रश्नासाठीच वापरा. सातवी-आठवीच्या वर्गात संभाव्यता शिकवतानाही नाण्याचा हा हिशोब मुलांना आवडेल. तिथे प्रश्न मात्र "आज दात घासले का?" असा साधा ठेवा.

७. दोन्ही टप्पे जोडणं

एका तक्त्यात डावीकडे आकडे आणि उजवीकडे त्याच मुद्द्यावरची मुलाखतीतली वाक्यं लिहा. समजा आकडे सांगतात की बहुतेकांना लॉटरी जुगार वाटतो, आणि त्यांच्यातलेच बरेच जण तिकीट काढतात. नुसते आकडे पाहणारा म्हणेल, लोक खोटं बोलतात. मुलाखतीत मात्र कदाचित ऐकू येईल, "जुगारच आहे, पण सरकारी आहे, निदान फसवणूक नाही." म्हणजे त्या माणसाच्या मनात नीती आणि विश्वास या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दोन्हीकडची उत्तरं जुळत नसतील तर एक बाजू खोडू नका. ती का जुळत नाहीत हे शोधणं, हाच निष्कर्षाचा महत्त्वाचा भाग असतो.

८. आपण शिक्षक आहोत हे विसरू नका

जनगणना, मतदार यादी, शाळाबाह्य मुलांचं सर्वेक्षण, अशी कामं आपण करत आलो आहोत. त्यामुळे आपण वही घेऊन दारात उभे राहिलो की लोकांना वाटतं सरकारचंच काम आलं. म्हणून पुढच्या गोष्टी पाळाच :

- आपल्या वर्गातल्या मुलांच्या पालकांना विचारू नका. त्यांना 'नाही' म्हणणं जड जातं. दुसऱ्या गावच्या शिक्षकाने तिथे जावं.
- मुलांना कधीही विचारू नका, "बाबा तिकीट काढतात का?" घराची गोष्ट मुलाच्या तोंडून काढून घेणं हे संशोधन नव्हे.
- नाव, मोबाइल नंबर लिहून घेऊ नका. कोणी मटक्याबद्दल बोललं तर जागा, माणूस, काही नोंदवू नका. अहवालात लहान गावाचं नावही नको.
- "उत्तर द्यायचं नसेल तरी चालेल" हे सुरुवातीलाच सांगा आणि त्याने नकार दिला तर आनंदाने पुढच्या घरी जा.
- उपदेश करू नका. कोणी स्वतःहून सांगितलं की या नादात कर्ज झालं, झोप लागत नाही, तर शासनाच्या टेलि-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक द्या.

पालकहो, यातला एक भाग घरीही करता येईल. जेवताना सगळ्यांना विचारा, "अचानक एक लाख रुपये मिळाले तर पहिल्यांदा काय कराल?" आणि फक्त ऐका, सल्ला देऊ नका. घरातल्या कुणाला कशाची काळजी आहे, ते त्या उत्तरात सापडेल. मुलाखतीचा सराव तिथूनच सुरू होतो. शिक्षक मित्रांनो, तुम्ही पुढच्या वेळी कुठल्याही विषयाची प्रश्नावली करायला बसाल तेव्हा कॉम्प्युटर उघडण्याआधी पाच माणसांशी बोलून या. बघा, पहिला प्रश्नच बदलावासा वाटेल.