हंसराजाचा रुसवा

प्रस्तावना

घरात ठेवलेले एखादे रोप फारशी निगा न राखताही वाढते, तर दुसरे कितीही जपले तरी कोमेजून जाते. अशा रोपाला 'लहरी' किंवा 'रुसवे' म्हणण्याची पद्धत आहे. परंतु वनस्पती खरोखरच लहरी असते का? की तिची गरज माणसाच्या लक्षात येत नाही? प्रस्तुत पाठात हंसराज या नाजूक पर्णशोभी वनस्पतीच्या निमित्ताने या प्रश्नाचा विचार केला आहे. त्यासाठी कडक उन्हाळा आणि कडाक्याची थंडी असणाऱ्या चंदीगड शहरातील घराचे उदाहरण घेतले आहे.

उद्दिष्टे

हा पाठ अभ्यासल्यानंतर तुम्हाला –
• हंसराजाची वैशिष्ट्ये सांगता येतील;
• हवेतील आर्द्रता आणि रोपाचे आरोग्य यांतील संबंध स्पष्ट करता येईल;
• पानांवरील लक्षणांवरून रोपाची गरज ओळखता येईल;
• घरात हंसराज वाढवण्याची पद्धत क्रमाने लिहिता येईल.

मूळ पाठ

१. एक प्रश्न

समजा, नोकरीच्या निमित्ताने रत्नागिरीहून चंदीगडला आलेले एक कुटुंब आहे. ऑगस्ट महिन्यात त्या घरातील गृहिणीने रोपवाटिकेतून हंसराजाचे रोप आणले. कोकणात विहिरीच्या आतल्या बाजूला, जांभ्या दगडाच्या ओल्या गडग्यावर तिने हे रोप लहानपणापासून पाहिले होते. परक्या मुलुखात माहेरचे कोणी भेटावे, तसा तिला आनंद झाला. पावसाळाभर रोप बहरले. मे महिना उजाडला आणि आठवड्याभरात त्याची सारी पाने करपली. पाणी तर रोज घातले जात होते. शेजारीण म्हणाली, "आता टाकून द्या ते. गेले ते रोप." कुंडी रिकामी करावी की वाट पाहावी, असा प्रश्न त्या गृहिणीपुढे उभा राहिला.

या प्रश्नाचे उत्तर मिळवण्यासाठी हंसराज मुळात कोठे वाढतो आणि चंदीगडच्या घरात त्याला काय सोसावे लागते, हे पाहिले पाहिजे.

२. हंसराजाची ओळख

हंसराज हे एक प्रकारचे नेचे आहे. काळेभोर, चकचकीत, केसासारखे बारीक देठ आणि त्यांवर पंख्याच्या आकाराच्या कोवळ्या हिरव्या पर्णिका, हे त्याचे रूप. शास्त्रीय भाषेत या वनस्पतीच्या प्रजातीला 'अडियांटम' म्हणतात. या ग्रीक नावाचा अर्थ 'न भिजणारा' असा आहे. पानावर पडलेले पाणी थेंबाथेंबाने ओघळून जाते, म्हणून हे नाव. गंमत अशी, की ज्याची पाने भिजत नाहीत, त्याला जगण्यासाठी मात्र सतत ओलावा लागतो.

नेच्यांना फुले येत नाहीत, फळे धरत नाहीत आणि बियाही होत नाहीत. त्यांचा प्रसार बीजाणूंमार्फत होतो. हंसराजाच्या पर्णिकेची कड खालच्या बाजूला दुमडलेली असते. त्या घडीखाली तपकिरी बीजाणू तयार होतात. पुष्कळ लोक हे तपकिरी ठिपके रोगाचे समजून पाने खुडतात किंवा औषध फवारतात. वस्तुतः ते रोप पक्व झाल्याचे चिन्ह आहे.

हंसराजाची पर्णिका अतिशय पातळ असते. तिच्यावरील संरक्षक थरही फार विरळ असतो. त्यामुळे कोरड्या हवेत पानातील पाणी भराभर उडून जाते आणि मुळांना तितक्या वेगाने ते पुरवता येत नाही. एकदा कुरकुरीत झालेली पर्णिका पुन्हा हिरवी होत नाही. त्या गृहिणीच्या कुंडीत हेच घडले. माती ओली होती, परंतु हवा कोरडी होती.

३. चंदीगडचे ऋतू आणि घरातील हवा

चंदीगड शिवालिक टेकड्यांच्या पायथ्याशी वसले आहे. जुलै ते सप्टेंबर या काळात येथे चांगला पाऊस पडतो. तेव्हाची हवा कोकणातील नसली, तरी हंसराजाला मानवते. एप्रिलपासून मात्र उष्मा वाढू लागतो. मे-जूनमध्ये तापमान अनेकदा ४० अंश सेल्सिअसच्या वर जाते आणि 'लू' नावाचे कोरडे, तप्त वारे वाहतात. डिसेंबर-जानेवारीत दाट धुके पडते व कडाक्याची थंडी असते.

घराच्या चार भिंतींत या ऋतूंचे रूप थोडे बदलते. उन्हाळ्यात वातानुकूलन यंत्र हवा थंड करते, पण तिच्यातील ओलावाही काढून घेते. पाण्याच्या कूलरची हवा दमट असते, परंतु तिचा जोरदार झोत थेट पानांवर आला तर पाने सुकतात. हिवाळ्यात बाहेर धुके असले, तरी बंद खोलीतील विजेच्या हीटरमुळे आतील हवा कोरडी पडते. म्हणजेच बाहेरच्या ऋतूवर विसंबून चालत नाही. ज्या कोपऱ्यात कुंडी आहे, त्या कोपऱ्याचे हवामान ओळखावे लागते.

उन्हापासून बचाव हा प्रश्न या शहराच्या शिल्पकारांसमोरही होता. १९५१ पासून ल कॉर्बुझिए, पिएर झानरे, मॅक्सवेल फ्राय आणि जेन ड्रू यांनी चंदीगडची रचना केली. भिंतीपुढे आलेले काँक्रीटचे ऊनरोधक, खोल व्हरांडे आणि विटांच्या जाळ्या यांतून उजेड आत यावा, पण तळपते ऊन येऊ नये, अशी योजना त्यांनी केली. माणसासाठी योजलेली ही उजळ सावली हंसराजालाही हवी असते.

नेच्यांच्या अभ्यासातही या शहराचे स्थान मोठे आहे. येथील पंजाब विद्यापीठात प्राण नाथ मेहरा यांनी नेच्यांच्या गुणसूत्रांवर महत्त्वाचे संशोधन केले. विद्यापीठाच्या वनस्पती उद्यानाला त्यांचे नाव दिलेले आहे. याच विद्यापीठातील एस. पी. खुल्लर यांनी पश्चिम हिमालयातील नेच्यांवर दोन खंडांचा सचित्र ग्रंथ लिहिला.

पाठगत प्रश्न – १

योग्य शब्द निवडून रिकाम्या जागा भरा.
(अ) नेच्यांचा प्रसार .......... मार्फत होतो. (बियां / बीजाणूं)
(आ) 'अडियांटम' या शब्दाचा अर्थ .......... असा आहे. (न सुकणारा / न भिजणारा)
(इ) उन्हाळ्यात गृहिणीच्या कुंडीतील माती ओली होती, परंतु .......... कोरडी होती. (हवा / मुळे)

४. काचेच्या बरणीतील शोध

कोरड्या किंवा दूषित हवेत नेचे कसे जगवावे, हा प्रश्न जुनाच आहे. नॅथॅनिएल वॉर्ड हे लंडनमधील डॉक्टर होते. त्यांना नेच्यांची फार आवड होती. परंतु कारखान्यांच्या धुरामुळे त्यांची रोपे मरत. १८२९ च्या सुमारास त्यांनी पतंगाचा कोश ओलसर मातीत ठेवून काचेची बरणी झाकणाने बंद केली. काही दिवसांनी त्या मातीतून एक नेचे आणि थोडे गवत उगवले. मातीतील पाण्याची वाफ होई, ती काचेवर थंड होऊन पुन्हा मातीत उतरे. बाहेरून पाणी न घालताही ते नेचे वर्षानुवर्षे जगले.

या निरीक्षणातून वॉर्ड यांनी काचेच्या पेट्या तयार केल्या. १८३३ मध्ये अशा पेट्यांतून लंडनहून सिडनीला पाठवलेली रोपे समुद्रातील खारे वारे सोसून सुखरूप पोहोचली. पुढे रॉबर्ट फॉर्च्यून यांनी अशाच पेट्यांतून चीनमधील चहाची रोपे हिमालयाच्या पायथ्याशी आणली. एका नेच्याचा रुसवा समजून घेण्याचा प्रयत्न जगाच्या शेतीला उपयोगी पडला, तो असा.

५. निगा राखण्याची पद्धत

जागा : उत्तरेच्या किंवा पूर्वेच्या खिडकीजवळ, थेट ऊन न लागणारी जागा निवडावी. पंखा, कूलर आणि हीटर यांच्या झोतापासून कुंडी दूर ठेवावी. उजेड येणारे न्हाणीघर ही उत्तम जागा होय.

कुंडी व माती : मातीच्या कुंडीतून पाणी लवकर झिरपून उडते, म्हणून उन्हाळ्यात प्लास्टिकची किंवा चिनीमातीची कुंडी सोयीची पडते. तळाला भोक अवश्य असावे. पानांचे कुजलेले खत, नारळाच्या काथ्याचा भुसा आणि थोडी जाड वाळू यांचे भुसभुशीत मिश्रण वापरावे.

पाणी : माती नेहमी ओलसर असावी, चिखल नसावा. पाणी घालण्यापूर्वी बोट मातीत खुपसून पाहावे. उन्हाळ्यात हे रोज पाहावे लागते. हिवाळ्यात पाणी कमी लागते.

आर्द्रता : पानांवर पाणी फवारल्याने ओलावा काही मिनिटेच टिकतो. त्यापेक्षा चार-पाच कुंड्या जवळजवळ ठेवाव्यात किंवा खडे व पाणी असलेल्या थाळीत कुंडी ठेवावी; मात्र कुंडीचा तळ पाण्यात बुडू देऊ नये. मे-जूनमध्ये लहान रोप काचेच्या पेटीत ठेवणे सर्वांत सुरक्षित.

खत : रोप वाढीत असतानाच, पुष्कळ पाणी मिसळून सौम्य केलेले द्रवखत द्यावे. कोमेजलेल्या रोपाला खत देणे म्हणजे आजाऱ्याला पंचपक्वान्ने वाढण्यासारखे आहे.

लक्षणे पुढीलप्रमाणे वाचावीत :
• पर्णिकांच्या कडा तपकिरी व कुरकुरीत – हवा कोरडी आहे किंवा माती सुकली होती.
• पाने पिवळी, देठ बुडाशी मऊ – पाणी जास्त झाले आहे.
• पाने फिकट व भाजल्यासारखी – थेट ऊन लागत आहे.
• थंडीत वाढ थांबली – रोप विश्रांती घेत आहे; काळजीचे कारण नाही.

६. प्रश्नाचे उत्तर

आता त्या गृहिणीच्या कुंडीकडे वळू. सह्याद्रीतील हंसराजाच्या काही जाती दरवर्षी उन्हाळ्यात सुकून जातात. कातळावर त्यांचा मागमूसही उरत नाही. तरीही मातीखालील त्यांचे आडवे खोड जिवंत असते आणि पावसाच्या सरी येताच नवी पाने फुटतात. कोकणात वाढलेल्या त्या गृहिणीला ही गोष्ट अचानक आठवली. तिने कुंडी फेकली नाही. बोटाने माती बाजूला सारून पाहिले, तर खोड टणक होते. तिने करपलेली सर्व पाने मातीच्या जवळून कापली, कुंडी कूलरच्या वाटेतून हलवून न्हाणीघराच्या खिडकीत ठेवली आणि माती फक्त ओलसर राखली. पहिला आठवडा गेला, दुसरा गेला, कुंडीत काहीच दिसेना. घरातले हसू लागले. तरीही तिने नेम मोडला नाही. जूनच्या अखेरीस काळ्या मातीतून एक तांबूस, वेटोळे घातलेला कोंब वर आला. पाठोपाठ दुसरा आला. श्रावण येईपर्यंत कुंडी पुन्हा हिरवी झाली होती.

रोप रुसले नव्हते. त्याला काय हवे ते त्याने पानांवाटे सांगितले होते. ते समजायला वेळ लागला, इतकेच. वर सारे सुकलेले दिसले, तरी आतील जीव संपला आहे असे घाईने ठरवू नये. योग्य जागा आणि नियमित निगा मिळाली, तर थांबलेली वाढ पुन्हा सुरू होऊ शकते.

शब्दार्थ

गडगा – दगड रचून केलेले कुंपण. पर्णिका – संयुक्त पानाचा लहान भाग. आर्द्रता – हवेतील ओलावा. बीजाणू – बियांशिवाय नवी वनस्पती निर्माण करणारे सूक्ष्म कण. मागमूस – खूण, पत्ता.

पाठगत प्रश्न – २

एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) वॉर्ड यांनी बरणीत काय ठेवले होते?
(आ) देठ बुडाशी मऊ पडले, तर त्याचा अर्थ काय?
(इ) कुंडी फेकण्याऐवजी गृहिणीने प्रथम काय तपासले?

स्वाध्याय

१. 'हंसराज लहरी नाही' हे विधान पाठाच्या आधारे स्पष्ट करा.
२. चंदीगडमधील उन्हाळा आणि हिवाळा यांचा घरातील हवेवर होणारा परिणाम लिहा.
३. 'वर सारे सुकलेले दिसले, तरी आतील जीव संपला आहे असे घाईने ठरवू नये.' तुमच्या पाहण्यातील एका प्रसंगाच्या आधारे या वाक्यावर आठ ते दहा ओळी लिहा.

उपक्रम

घरातील किंवा परिसरातील एका रोपाचे महिनाभर निरीक्षण करा. पाणी, ऊन आणि पानांतील बदल यांची रोजची नोंद वहीत ठेवा.

पाठगत प्रश्नांची उत्तरे

१. (अ) बीजाणूं (आ) न भिजणारा (इ) हवा
२. (अ) वॉर्ड यांनी बरणीत ओलसर मातीत पतंगाचा कोश ठेवला होता. (आ) रोपाला पाणी जास्त झाले आहे, असा त्याचा अर्थ होतो. (इ) मातीखालील खोड टणक आहे का, हे गृहिणीने प्रथम तपासले.