भजनात सूर कसा जुळतो?

गावोगावी भजनी मंडळ असते. बुवा पेटी धरतात. पखवाज बोलतो. टाळकरी मागे झील धरतात. पण एखादे मंडळ पिढ्यान्‌पिढ्या टिकते, तर एखादे चार महिन्यांत मोडते. असे का?

आम्ही पुष्कळ मंडळे पाहिली. एखाद्या गड्याचा सूर चुकतो. बुवा चारचौघांत हसतात. दुसऱ्या दिवशी तो गडी येत नाही. असे चारजण गेले, की टाळ खुंटीला लागतात.

पाटीवर पहिले अक्षर काढताना तुमचाही हात कापला असेल. तेव्हा कुणी हसले असते तर? गळ्याचेही तसेच आहे. चूक झाली तर बुवांनी ती ओळ हळू म्हणून दाखवावी. मग सगळ्यांकडून म्हणून घ्यावी. एकट्याला उगी लाजवू नये.

गाणाऱ्यानेही कान उघडे ठेवावेत. शेजाऱ्याचा आवाज ऐकू येईना, तर आपलाच आवाज फार चढला असे समजावे. लातूर जिल्ह्यात औशाला चक्री भजनाची परंपरा आहे. त्यात गात गात गोल फिरतात. एकटाच पुढे पळाला तर कसे जमेल?

शिकवणाराही आधी शिकतोच. पंडित नाथराव नेरळकर १९३५ साली नांदेडला जन्मले. अण्णासाहेब गुंजकरांकडे ते गाणे शिकले. पुढे त्यांनी अनेकांना शिकवले. २०२१ साली ते वारले. त्यांचे शिष्य आजही गातात.

प्रश्न : तुमच्या मंडळात येणे कुणी सोडले आहे का? त्याला पुन्हा कसे बोलवाल?