सर्व्हर चालू आहे. पण उत्तर देतो का?

रक्तगट, औषधांची अ‍ॅलर्जी, प्रयोगशाळेचे अहवाल या नोंदी सांभाळणारा डेटाबेस सर्व्हर देणगीदारांच्या दृष्टीस क्वचितच पडतो. तो थबकला, तर अतिदक्षता विभागातील डॉक्टरांना रुग्णाची जुनी नोंद मिळत नाही. 'पिंग'ला उत्तर आले म्हणजे यंत्र जाळ्यावर आहे, एवढेच कळते. पोस्टग्रेस प्रणालीत २०१३ पासून असलेली 'पीजी-इज-रेडी' ही आज्ञा पुढचे सांगते: ० म्हणजे जोडणी स्वीकारली जाते, १ म्हणजे नाकारली जाते (सर्व्हर सुरू होत असताना असे घडते), २ म्हणजे प्रतिसादच नाही. तरीही खरी परीक्षा प्रत्यक्ष प्रश्नाचीच. 'सिलेक्ट १' यास ठरलेल्या सेकंदांत उत्तर यावे. डिस्क भरल्यास वाचन चालू राहून नवी नोंद मात्र अडू शकते. म्हणून चाचणीसाठी राखलेल्या तक्त्यात एक ओळ लिहूनही पाहावी.