किरणोत्सारी मालाचा कोड लावताना

मुंबईच्या एअर कार्गोत क्लिअरिंगचं काम करताना कर्करोगाची औषधं, वेल्डिंग तपासणीचे सोर्स असा किरणोत्सारी माल नेहमी हाताखालून जातो. या मालाला कस्टम्स टॅरिफचा कोड लावण्याच्या कामात नव्यानं येणाऱ्यांसाठी काही अनुभवाचे बोल.

१. आधी सेक्शन नोट वाचा, मग हेडिंग. थायरॉइडच्या रुग्णाची आयोडीन-१३१ची कॅप्सूल घ्या. डॉक्टरनं लिहून दिलेली, पोटात घ्यायची. साहजिकच हात औषधांच्या ३०व्या चॅप्टरकडे जातो. पण सहाव्या सेक्शनची पहिलीच टीप सांगते, की २८४४च्या, म्हणजे किरणोत्सारी मूलद्रव्यं आणि समस्थानिकांच्या हेडिंगच्या, वर्णनात बसणारा माल तिथेच जाईल, दुसरीकडे कुठेही नाही. अपवाद किरणोत्सारी खनिजांचा, म्हणजे युरेनियम-थोरियमच्या धातुकांचा, ती २६१२मध्ये. याउलट टेक्नेशियमसोबत वापरायचं निदानाचं ‘कोल्ड किट’ येतं, तेव्हा त्यात किरणोत्सार नसतोच. टेक्नेशियम रुग्णालयात मिसळतात. म्हणून ते ३००६मध्ये.

२. मीटर वाजला म्हणून माल २८४४चा होत नाही. पोटॅश खताचा कंटेनर बंदरावरच्या रेडिएशन पोर्टलमधून जाताना अलार्म वाजू शकतो, कारण पोटॅशियममध्ये निसर्गतःच पोटॅशियम-४० असतं. तरी ते खतच, कोड ३१०४. मूलद्रव्यातलं समस्थानिकांचं नैसर्गिक प्रमाण कोणी बदललेलं नसतं, हे त्याचं कारण. किरणोत्सारी द्रव्य मिसळलेल्या मिश्रधातूंना आणि मिश्रणांना मात्र ग्रॅममागे ७४ बेकरेलची मर्यादा आहे. ती ओलांडली तरच २८४४.

३. नुसतं ‘रेडियम’ लिहिलेलं इन्व्हॉइस परत पाठवा. हाडांत पसरलेल्या प्रोस्टेट कर्करोगावरचं रेडियम-२२३ जातं २८४४ ४२मध्ये, रेडियम-२२६ जातं २८४४ ४३मध्ये. ट्रिटियम ४१मध्ये. १ जानेवारी २०२२पूर्वी हे सगळे एकाच २८४४ ४०खाली होते. त्यामुळे जुन्या फायलीतला कोड उचलून नव्या कागदावर टाकणं धोक्याचं. न्यूक्लाइडचा आकडा हाच इथे खरा पुरावा, आणि तो पुरवठादाराकडून लेखी घ्यावा.

४. सोर्स वेगळा, यंत्र वेगळं. रेडिओग्राफीचा कॅमेरा ९०२२मध्ये, त्यात बदलायला एकटा आलेला इरिडियम-१९२चा सोर्स २८४४मध्ये. अमेरिशियमचा स्मोक डिटेक्टरही ९०२२चाच. न वापरलेलं अणुइंधन ८४०१ ३०, वापरून झालेलं २८४४ ५०.

५. कोड बरोबर असला तरी माल सुटतोच असं नाही. अणुऊर्जा नियामक परिषदेची परवानगी लागते, आणि परवानगी, इन्व्हॉइस, बिल ऑफ एंट्री या तिन्हींवर तेच न्यूक्लाइड, तीच ॲक्टिव्हिटी हवी. एका कागदावर १० क्युरी, दुसऱ्यावर ३७० गिगाबेकरेल असलं की टेबलावरचा अधिकारी थबकतो. दोन्ही आकडे एकच आहेत, पण ते त्याला पटवून देईपर्यंत वेळ जातो. हा वेळ या मालाला परवडत नाही. मॉलिब्डेनम-९९चं अर्धायुष्य ६६ तासांचं. गोदामात एक दिवस पडून राहिलं की पाचव्या हिश्शाहून जास्त ताकद गेली, आणि तिकडे स्कॅनसाठी रुग्ण ताटकळत बसलेले.

म्हणून रुग्णालयांना आणि आयातदारांना कळकळीची विनंती: न्यूक्लाइड, रासायनिक रूप, ॲक्टिव्हिटी आणि ती कोणत्या तारखेची, एवढं लिहिलेलं इन्व्हॉइस विमान निघण्याआधी आमच्याकडे पाठवा. विमान उतरण्यापूर्वी बिल ऑफ एंट्री भरण्याची सोय कायद्यातच आहे.