सुईत काय आहे, ते आधी विचारा

आपल्या घराण्यात टक्कल वारशानं येतं. त्यामुळे भाच्या-भाचरांपैकी कुणाचा ना कुणाचा फोन येतोच, "आत्या, स्टेम सेल करून घेऊ का? ऑपरेशन नाही, टाके नाहीत, नुसती इंजेक्शनं." मी डॉक्टर नाही. पॅथॉलॉजी लॅबमध्ये रक्ताच्या नळ्या फिरवण्यात हयात गेली, एवढीच माझी शिदोरी. तरी सगळ्यांसाठी एकदाच लिहून ठेवते, म्हणजे प्रत्येकाला वेगळं सांगायला नको.

आधी कारण, मग उपचार. रोज पन्नास ते शंभर केस गळणं हा निसर्गाचा हिशेब आहे. त्याहून जास्त गळू लागले तर मागचे दोन-तीन महिने आठवा. डेंग्यू, चिकुनगुन्या, बाळंतपण, मोठं ऑपरेशन किंवा उपाशी राहून केलेलं डाएट यांची वसुली केस उशिरानं करतात. अशी गळती बहुतेक वेळा काही महिन्यांत आपोआप थांबते. नेमकं तेव्हाच इंजेक्शन घेतलं असलं, तर श्रेय इंजेक्शनला जातं नि बिल तुम्हाला. म्हणून आधी हिमोग्लोबिन, फेरिटिन आणि थायरॉइड तपासा. पाळी अनियमित असेल तर मुलींनी तेही डॉक्टरांना सांगायचं, लाजायचं नाही. रुपयाएवढा गोल चट्टा पडला असेल तर ती चाई. तिचा उपचार वेगळा.

कारण किती अनपेक्षित असू शकतं, ते बुलढाण्यानं दाखवलं. २०२४ संपता संपता शेगाव तालुक्यातल्या गावांत माणसांचे केस चार-आठ दिवसांत मुठीनं हातात येऊ लागले. कुणी पाण्याला दोष दिला, कुणी शांपूला. विंचूदंशावरच्या कामासाठी आपण ज्यांना ओळखतो त्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी तपासण्या केल्या, रुग्णांच्या शरीरात सेलेनियम फार वाढल्याचं दाखवलं आणि त्याचा धागा रेशनच्या गव्हाशी जोडला. तिथे कुणी डोक्यात सुया टोचून घेतल्या असत्या, तरी ताटातलं सेलेनियम कमी झालं नसतं.

केसांच्या गोळ्या मुठीनं खाऊ नका. तेच सेलेनियम केसांसाठी विकल्या जाणाऱ्या कितीतरी गोळ्यांत असतं. 'अ' जीवनसत्त्वही त्यात असतं, आणि दोन्ही जास्त झाली की केस गळतात. बायोटिनची गोष्ट तर मी लॅबवाली म्हणून सांगते. त्याच्या मोठ्या डोसमुळे थायरॉइडचे रिपोर्ट चुकीचे येऊ शकतात. रक्त द्यायला जाल तेव्हा बायोटिन घेताय हे सांगा, आणि आधी किती दिवस बंद ठेवायचं ते डॉक्टरांना विचारा.

पाटीवरचं नाव सोडा, सुईतला माल विचारा. 'स्टेम सेल' या एका नावाखाली पाच-सहा गोष्टी विकल्या जातात. तुमचंच रक्त काढून, यंत्रात गरगर फिरवून, बिंबिकांचा, म्हणजे प्लेटलेट्सचा, थर वेगळा करून टोचला तर ते पीआरपी. माझ्या डोळ्यांसमोरचंच काम ते. बिंबिकांना केंद्रकच नसतं, त्यांच्यापासून नवी पेशी कुठून जन्मणार? त्यांतली वाढीला चालना देणारी द्रव्यं तेवढी वेगळी काढली की ते जीएफसी. कुणी कानामागच्या कातडीचे बारीक तुकडे वाटून टोचतं, कुणी पोटाच्या चरबीतून पेशी काढतं. कातडीच्या आणि चरबीच्या या दोन प्रकारांत थोड्या मूळ पेशी, म्हणजे स्टेम सेल, असू शकतात. एक्सोसोम म्हणजे पेशींनी बाहेर टाकलेल्या सूक्ष्म पुटिका. त्यांच्या उत्पादनांबद्दल अमेरिकेच्या औषध प्रशासनानं २०१९ मध्येच लोकांना सावध केलं होतं. सफरचंदाच्या स्टेम सेलचा शांपू तर केस धुण्यापुरता.

पीआरपीला मी थोतांड म्हणणार नाही. आनुवंशिक विरळपणात काहींना त्याचा फायदा होतो, काहींना होत नाही, आणि झाला तरी पुन्हापुन्हा घ्यावं लागतं. पण ते पीआरपी म्हणून घ्या, पीआरपीच्या भावात घ्या.

मूळ पेशी टकलातही असतात. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या संशोधकांनी २०११ साली एकाच माणसाच्या डोक्यावरची केसाळ आणि टकली अशी दोन्ही ठिकाणची कातडी तपासली. मूळ पेशी दोन्हीकडे जवळपास सारख्याच निघाल्या. त्यांच्यापासून तयार होणाऱ्या, केस घडवणाऱ्या पुढच्या पेशी मात्र टकलात फारच कमी होत्या. म्हणजे बी रानात पडलेलंच आहे, मोड येत नाहीत. तेव्हा "आम्ही मूळ पेशी घालतो" असं कुणी म्हणालं, की "असलेल्यांना जागं कसं करणार?" हे विचारा. त्याचं पक्कं उत्तर अजून जगात कुणाकडे नाही.

नियम तोंडपाठ ठेवा. आयसीएमआरच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार मूळ पेशींचा नेहमीचा उपचार म्हणून वापर रक्ताच्या आणि तशाच काही ठरावीक आजारांत, अस्थिमज्जा प्रत्यारोपणातच मान्य आहे. बाकी सगळं प्रयोगाच्या टप्प्यावर. प्रयोग म्हटला की त्याची नोंद सीटीआरआय या सरकारी नोंदवहीत हवी. ती इंटरनेटवर कुणालाही बघता येते. "तुमचा नोंदणी क्रमांक काय?" एवढं शांतपणे विचारा. ज्याचा प्रयोग, त्याचा खर्च; तुमच्याकडून पॅकेजचे पैसे कसले? शिवाय १९४५ च्या औषध नियमांच्या अनुसूची 'जे'मध्ये टक्कल आहे. म्हणजे कुठल्याही औषधाला 'टक्कल बरं करतो' असा दावा करायला मनाई आहे. पुण्यात गणेशखिंडीतल्या आपल्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रात वर्षानुवर्षं मूळ पेशींवर संशोधन चाललंय. तिथे कुणी 'आज बुक केलंत तर निम्म्यात' म्हणत नाही.

जुन्या औषधांना सहा महिने द्या. मिनॉक्सिडिल हे मुळात रक्तदाबाचं औषध, केस वाढणं हा त्याचा दुष्परिणाम. सुरुवातीचे काही आठवडे केस जास्तच गळतात, आणि घाबरून लोक तेव्हाच सोडतात. फरक दिसायला चार ते सहा महिने लागतात. बंद केलं की कमावलेलं जातं. फिनास्टेराइड पुरुषांसाठी, तेही डॉक्टरांच्या सल्ल्यानंच. काहींना लैंगिक तक्रारी होतात किंवा मन उदास होतं. तसं झालं तर लगेच सांगा. घरात कुणी गरोदर असेल तर तुटलेल्या गोळीला तिनं हात लावू नये. पन्नाशीपुढच्यांनी प्रोस्टेटची पीएसए तपासणी करताना ही गोळी सांगायलाच हवी, कारण तिच्यामुळे आकडा साधारण निम्मा दिसतो. दर महिन्याला एकाच खिडकीत, एकाच उजेडात डोक्याचा फोटो काढा. आरशापेक्षा तो खरं बोलतो.

सुई कोणाच्या हातात? काउंटरवरच्या गोड बोलणाऱ्या समुपदेशकाशी व्यवहार ठरवू नका. त्वचारोगतज्ज्ञ स्वतः डोकं तपासणार का, त्यांची नोंदणी महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडे आहे का, बिलावर आणि संमतीपत्रावर उपचाराचं खरं नाव लिहिणार का, हे बघा. हप्त्यांच्या कागदावर त्याच दिवशी सही करायची नाही. दुसरं मत हवं असेल तर ससून रुग्णालयाचा त्वचारोग विभाग आहेच. रांगेत वेळ जाईल, पैसे वाचतील.

हेल्मेटला दोष देऊ नका. हेल्मेटनं टक्कल पडत नाही, आतलं अस्तर तेवढं धूत जा. टँकरच्या जड पाण्यानं केस राठ होतात, तुटतात. मुळं त्यानं मरत नाहीत. उगाच घट्ट वेणी आणि घट्ट अंबाडा मात्र सोडा, त्या ओढीनं कपाळावरचे केस खरंच जातात.

आणि एवढं करूनही नाहीच आले, तर बारीक मशीन मारा. उघड्या टाळूला ऊन लागतं, म्हणून एप्रिल-मेमध्ये बाहेर पडताना टोपी घाला.