एमएसमधला थकवा की नैराश्य?

प्रश्न : माझ्या पत्नीला सहा वर्षांपासून मल्टिपल स्क्लेरॉसिस, म्हणजे एमएस आहे. हल्ली ती दिवसभर पडून असते, बोलणंही कमी झालंय. घरचे म्हणतात, "आजारच तसला, वाईट वाटणारच." हे डिप्रेशन की आजाराचा थकवा, ओळखायचं कसं?
– एक वाचक, सातारा

उत्तर : हा पेच डॉक्टरांनाही पडतो. नैराश्य तपासायला बऱ्याचदा 'पीएचक्यू-९' ही ९ प्रश्नांची प्रश्नावली देतात. गेल्या दोन आठवड्यांत त्रास किती वेळा झाला, त्यावरून प्रत्येक प्रश्नाला ० ते ३ गुण. बेरीज १० किंवा जास्त झाली की नैराश्याची शंका घ्यायची. पण त्यातले चार प्रश्न आहेत झोप, थकवा, एकाग्रता आणि हालचालीतला मंदपणा यांचे. एमएस मेंदू आणि मज्जारज्जूतल्या चेतातंतूंच्या आवरणावरच घाला घालतो, त्यामुळे हे चारही त्रास मन ठीक असतानाही होतात. चार त्रिक बारा! रात्रीत चारदा लघवीला उठणारी, पायांत पेटके येणारी बाई मनाने खंबीर असली, तरी कागदावर नैराश्यात जमा.

म्हणून थकवा बाजूला ठेवून इच्छेबद्दल विचारा. "हात थरथरतो, म्हणून रांगोळी काढत नाही" आणि "कशाला काढायची रांगोळी?" यांत जमीन-अस्मानाचं अंतर आहे. एमएसचा थकवा बहुधा दुपारी नि उकाड्यात वाढतो, गारव्यात जरा ओसरतो. "मी तुम्हाला ओझं झालेय" हे मात्र पंख्याखाली बसून कमी होत नाही. (कारण नसताना एकदम रडू किंवा हसू फुटून लगेच थांबत असेल, तर ती भावना आवरणाऱ्या मेंदूतल्या यंत्रणेची गडबड असू शकते. तेही डॉक्टरांच्या कानावर घाला.)

"वाईट वाटणारच" हे मला मुळीच पटत नाही. एमएसच्या जवळपास निम्म्या रुग्णांना आयुष्यात कधीतरी नैराश्य गाठतं, आणि औषधांनी, समुपदेशनाने ते कमी होतं. कारण समजण्यासारखं आहे म्हणून उपचार का टाळायचे?

न्यूरोलॉजिस्टकडे जाल तेव्हा पाच मिनिटं फक्त मनाविषयी बोलायला मागून घ्या. नुकतंच स्टेरॉइड दिलं असेल तर सांगा, त्यानेही मन खालीवर होतं. थायरॉइड आणि बी-१२ तपासायचं का, तेही विचारा. पण "जगून काय करू" असं त्या बोलल्या, तर पुढच्या तारखेची वाट पाहू नका, त्यांना एकटं सोडू नका, त्याच दिवशी डॉक्टर गाठा. 'टेलि-मानस' ही सरकारी हेल्पलाइन १४४१६ वर चोवीस तास चालू असते.