अ‍ॅम्प्लिफायर विकत घेताना : वॅट, कान आणि खिसा



आजचा पाठ एका फोनमुळे लिहितोय. माझा एक माजी विद्यार्थी नुकताच नोकरीला लागला. त्याच्या वडिलांना अभंग आणि नाट्यसंगीताचं वेड. आयुष्यभर त्यांनी ते टेपरेकॉर्डरवर ऐकलं. आता मुलाला वाटतं, बाबांना चांगलं काहीतरी घेऊन द्यावं. दुकानात त्याने दोन अ‍ॅम्प्लिफायर ऐकले, एक ६ हजारांचा लहानसा डबा आणि दुसरा ३८ हजारांचा. "सर, महागडा फारच मोकळा वाजत होता. पण ३२ हजारांचा फरक आहे हो. कर्ज काढून घेऊ का?"

कर्ज काढण्याआधी जरा थांबू आणि नववीच्या विज्ञानापासून सुरुवात करू.

अ‍ॅम्प्लिफायरचं काम काय? मोबाइल किंवा सीडी प्लेअरमधून येणारा विद्युत संकेत अशक्त असतो. त्याने स्पीकरचा पडदा हलत नाही. अ‍ॅम्प्लिफायर हा संकेत मोठा करतो, आणि त्याने तेवढंच करावं अशी अपेक्षा असते. जे आत गेलं तेच बाहेर यावं, फक्त मोठं होऊन. त्याने स्वतःचं मीठ-मसाला घालू नये. आवाजाला 'चव' देणारे असतात ते स्पीकर आणि खोली. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे लागेल.

वॅटचा हिशोब

डब्यावर '१००० वॅट पीएमपीओ' असं छापलेलं तुम्ही पाहिलं असेल. हा आकडा सरळ विसरून जा. त्याची कुठलीही ठरलेली व्याख्या नाही, ज्याला जो वाटेल तो छापतो. आपल्याला हवा तो सतत मिळणारा वॅट, ज्याला बाजारात आरएमएस म्हणतात. तोही किती ओहमच्या स्पीकरवर आणि किती विकृतीला मोजलाय ते बघायचं. १० टक्के विकृतीला मोजलेले ५० वॅट म्हणजे आवाज फाटल्यानंतरचे ५० वॅट.

आता गंमत बघा. त्या ६ हजारांच्या डब्यावर '१०० + १०० वॅट' लिहिलं होतं आणि सोबत १२ व्होल्ट, ५ अँपिअरचा अ‍ॅडॅप्टर होता. १२ गुणिले ५ म्हणजे ६० वॅट. आत ६० जातात आणि बाहेर २०० येतात? ऊर्जा अक्षय्यतेचा नियम आपण शिकलोय ना!

खरा आकडा आपणच काढू. असे लहान डबे बहुतेक 'क्लास डी' प्रकारचे असतात. त्यांत स्पीकरची दोन्ही टोकं उलटसुलट चालवतात, म्हणून १२ व्होल्टमधून स्पीकरला जास्तीत जास्त १२ व्होल्टचं शिखर मिळतं. त्याला २ च्या वर्गमुळाने भागलं की साधारण ८.५ व्होल्ट. त्याचा वर्ग ७२, भागिले ८ ओहम, उत्तर ९ वॅट. शंभर नाही, नऊ! तोच डबा २४ व्होल्टच्या अ‍ॅडॅप्टरवर चालवला तर? व्होल्टेज दुप्पट, म्हणून शक्ती चौपट, म्हणजे ३६ वॅट. (डब्यावर लिहिलेल्या कमाल व्होल्टेजच्या बाहेर मात्र जाऊ नका, धूर निघेल.)

मग घरी किती वॅट लागतात? समजा तुमच्या स्पीकरची संवेदनशीलता ८६ डेसिबल आहे. म्हणजे १ वॅट दिला तर १ मीटरवर ८६ डेसिबल आवाज. तुम्ही बसता तिथपर्यंत येताना तो ८० होतो असं धरू. ८० डेसिबल म्हणजे शेजारचे काका बेल वाजवतील इतका. आपण आरामात ऐकतो ते ७० च्या आसपास. १० डेसिबल कमी म्हणजे शक्ती दहापट कमी, म्हणजे फक्त ०.१ वॅट!

पण संगीत सरळ रेषेत चालत नाही. तानपुरा शांत वाजत असतो आणि तबल्यावर थाप पडते. ती थाप क्षणभर सरासरीच्या २० डेसिबल वर जाऊ शकते. २० डेसिबल म्हणजे शंभरपट. ०.१ चे झाले १० वॅट. आवाज जरा वाढवून ७५ केलात तर ३० च्या पुढे. आता कळलं का दुकानात काय झालं असेल? ९ वॅटवाल्या डब्याची तबल्याच्या थापेला दमछाक झाली. शिखर कापलं गेलं, आवाज कोंदट आणि कर्कश झाला. 'मोकळेपणा'चा अर्धा अर्थ इथेच आहे, आणि तो बऱ्याचदा अ‍ॅडॅप्टर बदलून विकत मिळतो.

पूर्वी हे लोकांना चांगलं ठाऊक होतं. १९७८ मध्ये बाजारात आलेला एनएडी ३०२० हा अ‍ॅम्प कागदावर फक्त २० वॅटचा होता. तरी स्वस्तात मस्त म्हणून त्याचं जगभर नाव झालं. कारण क्षणिक शिखरांसाठी त्यात राखीव ताकद ठेवलेली होती.

कान फसतो, तो कसा

वॅटचं झालं. आता 'माझ्या कानाला फरक कळतो' याचं काय करायचं?

दोन आवाजांपैकी एक किंचित मोठा असेल तर तो आपल्याला मोठा वाटत नाही. तो जास्त स्पष्ट, जास्त भरीव, जास्त 'जिवंत' वाटतो. दुकानदार लबाड असायची गरज नाही. दोन अ‍ॅम्पच्या बटणांवर '१२ वाजले' ही खूण सारखी दिसली तरी आवाज सारखा नसतो. म्हणून तुलनेआधी दोघांचा आवाज मल्टिमीटरने जुळवायचा. मोबाइलवर २०० हर्ट्झचा शुद्ध स्वर लावा, स्पीकरच्या टोकांवर एसी व्होल्ट मोजा. एकावर २.०० व्होल्ट येत असतील तर दुसऱ्यावर २.०२ च्या वर जाऊ देऊ नका. एवढ्याने ०.१ डेसिबलपर्यंत जुळणी होते. २.२४ झाले की पूर्ण १ डेसिबलचा फरक पडला, आणि मग त्या तुलनेला काही अर्थ नाही.

दुसरी अट, कोणता अ‍ॅम्प वाजतोय हे ऐकणाऱ्याला दिसता कामा नये. दोन्हींवर चादर टाका, घरातल्या कुणालातरी नाणं उडवून निवडायला सांगा. तारा बदलताना अ‍ॅम्प बंद करा. दोन अ‍ॅम्पच्या आउटपुटच्या तारा एकमेकींना कधीही लागू देऊ नका, दोन्ही जळतील. बदलासाठी स्विच वापरणार असाल तर अधिक आणि उणे अशा दोन्ही तारा तोडणारा घ्या. क्लास डी डब्याची उणे तार जमिनीला जोडलेली नसते, हे बरेच जण विसरतात.

मग दहा वेळा ऐका आणि प्रत्येक वेळी लिहा, 'अ' की 'ब'.

किती बरोबर आले तर फरक खरा मानायचा? इथे गणित मदतीला येतं. नुसतं नाणं उडवून उत्तरं दिली तरी दहापैकी सात किंवा जास्त बरोबर येण्याची शक्यता १०२४ मध्ये १७६, म्हणजे १७ टक्के. म्हणून सात आले म्हणून पेढे वाटू नका. नऊ किंवा जास्त येण्याची शक्यता १०२४ मध्ये ११, साधारण एक टक्का. नऊ आले तर मी म्हणेन, कानात काहीतरी आहे.

सांगायला लाज वाटते, पण सांगतो. काही वर्षांपूर्वी मी दोन महिन्यांचा पगार घालून एक अ‍ॅम्प घेतला होता. किशोरीताईंच्या आलापातली हवा त्यात 'दिसते' असं मी येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवत असे. एका रविवारी बायकोने चादर टाकून परीक्षा घेतली. समोर होता माझा जुना अ‍ॅम्प, जो मी भाच्याला देऊन टाकणार होतो. माझे दहापैकी पाच आले. शेवटच्या तीन फेऱ्यांत मी डोळे मिटून, श्वास रोखून ऐकत होतो, आणि मला पूर्ण खात्री होती. त्या तिन्ही चुकल्या. त्या दिवशी जेवण गेलं नाही.

मी एकटा नाही, हा तेवढाच दिलासा. इंग्लंडच्या क्वाड कंपनीच्या तीन अ‍ॅम्पची अशीच पडद्याआडची चाचणी जेम्स मॉयर यांनी घेतली होती. ती १९७८ मध्ये प्रसिद्ध झाली. एक १९५३ चा व्हॉल्व्हचा, दुसरा १९६७ चा ट्रान्झिस्टरचा, तिसरा १९७५ चा. ऐकणारे अनुभवी होते, तरी त्यांची उत्तरं अंदाजपंचेच निघाली.

म्हणजे सगळे अ‍ॅम्प सारखेच?

नाही. तशी घाई करू नका. चांगले बनवलेले दोन अ‍ॅम्प त्यांच्या ताकदीच्या आत वाजत असतील तर फरक सापडणं फार कठीण, एवढंच मी म्हणतो. वाईट बनवलेले खुशाल वेगळे वाजतात. गाणं न लावता आवाज वाढवून स्पीकरला कान लावा. घूं ऐकू आली तर ती ५० हर्ट्झच्या घरगुती विजेची, फस्स ऐकू आलं तर सर्किटचा गोंगाट. तानपुऱ्याचा स्वर विरत जातो तिथे हा गोंगाट उघडा पडतो. अगदी हळू आवाजात डावी-उजवी बाजू कमीजास्त वाजते का ते बघा, स्वस्त व्हॉल्यूम बटणाचा तो ठरलेला आजार. ४ ओहमचे स्पीकर असतील तर करंट दुप्पट लागतो, तिथे अशक्त अ‍ॅम्प हात टेकतो. काही व्हॉल्व्ह अ‍ॅम्प स्पीकरप्रमाणे आपला सूर बदलतात. तो फरक खरा असतो, पण तो मसालाच. कुणाला आवडतो, आवडू दे.

जुना अ‍ॅम्प घेत असाल तर स्पीकर न जोडता, गाणं न लावता आउटपुटवर डीसी व्होल्ट मोजा. ५० मिलीव्होल्टच्या आत हवेत. जास्त असतील तर भाव करत बसू नका, उठा. आणि गावात दुरुस्ती करणारा आहे का, हे मी आवाजाच्याही आधी विचारतो.

पैसे कुठे घालायचे याचं माझं मत सरळ आहे. आधी स्पीकर, मग खोली, मग अ‍ॅम्प. फरशीच्या रिकाम्या खोलीत टाळी वाजवून बघा, ती टर्रर्र अशी घुमते. तिथे एक सतरंजी आणि जाड पडदा जे काम करतात ते ३२ हजारांच्या अ‍ॅम्पला जमणार नाही.

हे सगळं मी त्या विद्यार्थ्याला सांगितलं. त्याने २४ व्होल्टचा अ‍ॅडॅप्टर मिळवला, मित्राचा महागडा अ‍ॅम्प दोन दिवसांसाठी आणला, व्होल्ट जुळवले आणि चादर टाकून बाबांनाच परीक्षेला बसवलं. दहापैकी सहा. सहा किंवा जास्तची शक्यता किती, ती तुम्ही काढा आणि मला कळवा.

तरी बाबांनी लहान डबा नाकारला. त्याचं बटण त्यांच्या थरथरत्या बोटांत नीट फिरत नव्हतं, आणि चष्म्याशिवाय खूण दिसत नव्हती. शेवटी १४ हजारांचा एक साधा अ‍ॅम्प घेतला, मोठ्या बटणाचा, रिमोटवाला. उरलेल्या पैशांत स्पीकर आले. कर्ज काढावं लागलं नाही.